गडग्यातल्या सापाला तीन दिवसांची मुदत

माझ्या फोनमध्ये ‘अंगणातले’ नावाचा एक अल्बम आहे. त्यात एकसष्ट फोटो आहेत. पैकी सतरांत नुसते दगड दिसतात, नऊमध्ये माझा अंगठा, आणि एकात शेजारच्या उम्म खलदूनची कोंबडी, जी न बोलावता आली होती. उरलेल्यांत सरडे, पाली, कोळी आणि एक साप. माझ्या बहिणीच्या फोनमध्ये वसंत म्हणजे बदामाचा फुलोरा आणि लाल फुलांत बसवलेली तिची गोंडस मुलं. माझ्या फोनमधला वसंत पाहुण्यांना दाखवायची सोय नाही. तरी मार्च लागला, डोंगर हिरवे झाले, आणि दर शुक्रवारी अम्मानहून गाड्या भरभरून माणसं आमच्या ओकाच्या झाडांखाली कोंबड्या भाजायला आणि शुद्ध हवा धुरानं भरायला येऊ लागली, की मी तो अल्बम उघडून बसते. तो वसंत आत्याबाई होत्या तेव्हाचा आहे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. अजलूनच्या उतारावर त्यांचं दगडी घर, पुढे अंगण, अंगणात एक अंजीर आणि एक लिंबू, आणि खालच्या कडेला नुसते दगडावर दगड रचलेला जुना गडगा. गडग्यापलीकडे अबू नासिफची जैतुनाची झाडं. घरात आम्ही चौघं: आत्याबाई, माझा नवरा मुअतसिम, पाच वर्षांची आमची जूद आणि मी. मी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकले आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडलं ते अडाणीपणातून घडलं असं कुणाला वाटू नये. ते शिक्षणातूनच घडलं.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला मुअतसिमला त्याच्या विमा कंपनीनं बढती देऊ केली. बढतीबरोबर अम्मान, आणि अम्मानबरोबर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्टसकट. उत्तर बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. “तुला काय वाटतं?” मुअतसिमनं विचारलं. जे उत्तर नवऱ्याला स्वतःला द्यायचं नसतं, ते तो फार प्रेमानं विचारतो. आत्याबाई घर सोडून कुठं येणार नव्हत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या या विषयावर काहीच बोलल्या नाहीत. चहात साखर कमी पडली तर तीन पिढ्यांचा हिशेब काढणारी बाई गप्प बसते, तेव्हा घरात भांडीसुद्धा हळू वाजतात.

माझं मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे. ते रविवारी सकाळी पूर्ण तिकडे गेलं.

मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. जूद गडग्याजवळ उकिडवी बसून कुणाशी तरी बोलत होती. “तुला शाळा नाही का?” ती विचारत होती. मला वाटलं कोंबडी असेल. वाकून पाहिलं तर दगडांच्या फटीतून हातभर लांबीचं काहीतरी उन्हात पसरलेलं, तपकिरी, पाठीवर गडद ठिपके. पुढचं मला नीट आठवत नाही. जूद सांगते की मी तिला काखेत मारलं, कपड्यांच्या दोरीसकट घरात शिरले आणि दार लावून त्याला सोफा टेकवला.

आता सापाला सगळेच घाबरतात, पण मला घाबरण्यामागे कारण होतं. काही वर्षांपूर्वी मुअतसिमच्या चुलतभावाला, बुरहानला साप चावला. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “कुठला साप?” बरोबर अकरा नातेवाईक होते, त्यांनी अकरा साप सांगितले. एकानं तर शिंगं असलेला सांगितला. शेवटी साप बिनविषारी निघाला, आणि बुरहान जो आठ दिवस आजारी पडला तो नातेवाइकांनी वाटेत केलेल्या उपचारांमुळे. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की प्रश्न सापाचा नाही, नोंदीचा आहे. घराच्या आवारात कोण कोण राहतं याची फोटोसकट सूची हवी. पोरीला चावला तर डॉक्टरसमोर फोन धरायचा: हा.

त्या संध्याकाळी मी मुअतसिमला सांगितलं, “बुधवारपर्यंत मी त्याचा फोटो काढते. विषारी निघाला तर आपण अम्मानला जायचं. मग त्यावर चर्चा नाही.”

“आणि बिनविषारी निघाला तर?”

“तर बघू.”

आत्याबाई आत मसूर निवडत होत्या. मसुराचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

सूचीची सुरुवात मी सोप्या मंडळींपासून केली. पहिल्या क्रमांकावर गडग्यावरचा मोठा सरडा, जो दर दोन मिनिटांनी मान खाली-वर करतो. आमच्याकडे पोरं समजतात की तो नमाज पढतोय, काही समजतात की नमाज पढणाऱ्यांची नक्कल करतोय, आणि यावरून पोरांत दोन तट आहेत. मी फोन धरून दबकत पुढे गेले. त्यानं मान हलवली. जूदनंही हलवली. त्यानं पुन्हा हलवली. असं पाऊण तास चाललं, आणि शेवटी जूदच्या मानेत लचक भरली. फोटोत सरडा स्थिर आणि मुलगी धूसर आली आहे.

दुसऱ्या क्रमांकावर पाल. पालीचं आणि आत्याबाईंचं जुनं वैर. पाल मारणं पुण्याचं काम आहे असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या, त्यामुळे पालीला स्थिर बसवून मी कॅमेरा नीट करेपर्यंत मागून चप्पल यायची. त्याच भिंतीवर वितभर अंतरावर कोळ्याचं जाळं. त्याला मात्र हात लावायचा नाही, कारण गुहेच्या तोंडावर जाळं विणून पैगंबरांना लपवणाऱ्याची ती जात. आत्याबाईंचा झाडू भिंतीवरून फिरताना जाळ्यापाशी आला की पाहुण्याला वाट द्यावी तसा वळसा घ्यायचा. एकाच भिंतीवर एकाला चप्पल आणि एकाला मान, हे वर्गीकरण कुठल्याच ग्रंथालयात बसणारं नव्हतं. मी दोघांना शेजारी शेजारी क्रमांक दिले. त्यावरून आत्याबाई दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

चौथ्या क्रमांकाची बाई मात्र माझ्या मनात घर करून बसली. लिंबाच्या आळ्यात एक करडी कोळीण सापडली, पाठीवर शंभरेक पिल्लं घेऊन चाललेली. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि मग उगाच डोळ्यांत पाणी. एका पोरीला शाळेत पोचवताना माझा जीव जातो. हिच्या पाठीवर शंभर, एकाच्याही अंगात स्वेटर नाही, आणि ही चालली आहे.

सोमवारी सापाच्या फक्त शेपटीचा फोटो मिळाला. तो मी लमीसला पाठवला. लमीस माझी वसतिगृहातली मैत्रीण, आता इर्बिदला मुलींना प्राणिशास्त्र शिकवते. तिचा आवाजी निरोप आला. ती काहीतरी चघळत होती.

“मैसून, शेपटीवरून साप ओळखायचा म्हणजे पायजम्याच्या नाडीवरून नवरा ओळखायचा. ठिपके म्हणतेस तर दोघांपैकी एक आहे. एक आपला विषारी घोणस, दुसरा नाण्याच्या ठिपक्यांचा, बिनविषारी, पण घोणसाची हुबेहूब नक्कल करतो. मला डोक्याचा फोटो पाठव. वरून. डोक्यावर मोठ्या फरशा बसवल्यासारखी खवलं असतील तर पोरीला खुशाल खेळू दे. बारीक खडी पसरल्यासारखी असतील तर सामान बांध.”

फरशा की खडी. माझ्या संसाराचा निकाल एका सापाच्या टाळूवर येऊन ठेपला होता.

एव्हाना बातमी गल्लीत पसरली होती. उम्म खलदून गंधकाची पुडी घेऊन आली. “कोपऱ्याकोपऱ्यांत टाक, बाई. आणि लसूण ठेचून टाक. आणि डांबर लाव. आणि जुना बूट जाळ.” मी सगळं केलं. मुअतसिम संध्याकाळी दारात आला आणि रुमाल नाकाला लावून म्हणाला, “साप गेला की नाही माहीत नाही, पण मी जाऊ शकतो.” सापाला काही झालं नाही. माझ्या वाळत घातलेल्या पडद्यांना अजून पावसाळी हवेत तो वास येतो.

मग अबू रिज़्क आले. ते सैन्यातून सार्जंट म्हणून निवृत्त, आणि निवृत्ती हा शब्द त्यांनी फक्त कागदावर मान्य केलेला. वाळवंटात असताना त्यांनी बुटाच्या टाचेनं एक विषारी साप मारला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दोन हात लांब होता, जूद झाली तेव्हा चार, आणि त्या सोमवारी सहाच्या पुढे गेला.

“मुली, काळजी करू नकोस,” खांद्यावर खोरं टाकून ते म्हणाले. “पाच मिनिटांचं काम आहे. गडगा उकलतो.”

“त्या गडग्याला कुणी हात लावायचा नाही,” आत्याबाई दारातून म्हणाल्या. “आधी सूचना द्यायची.”

अबू रिज़्कनी खोरं खाली ठेवलं. यावर सैन्यालाही बोलता येत नव्हतं. घराच्या आवारातला साप दिसला की आमच्याकडे त्याला लगेच मारत नाहीत. तो नुसता साप आहे की त्या रूपात दुसरंच कुणी, आपल्या आधीपासून तिथं राहणारं, हे कुणी सांगावं? म्हणून तीन दिवस त्याला तोंडी बजावायचं की बाबा, निघ. तीन दिवसांनंतरही दिसला, तर तो साप, आणि मग खोरं.

“सोमवार, मंगळवार, बुधवार,” अबू रिज़्कनी बोटं मोजली. “बुधवारी मी येतो, उम्म मुअतसिम.” गल्लीत आत्याबाईंना याच नावानं हाक मारतात, मुअतसिमची आई.

त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर, ऊन कलल्यावर, आत्याबाई डोक्यावरची ओढणी नीट करून गडग्यापाशी गेल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि परत आल्या.

“आत्याबाई, सापाला कान नसतात,” मी म्हटलं.

“तुझ्या सासऱ्यांना होते,” त्या म्हणाल्या. “काय फरक पडला?”

मला एवढंच कळलं की माझ्याजवळ दोन दिवस आहेत. बुधवारी तो निघून गेला तर फोटो नाही, मारला गेला तर डोकं शिल्लक राहायची शाश्वती नाही. म्हणून मंगळवारी मी सुशिक्षित माणसानं करायचं ते केलं: सरकारी मदत मागितली. आणीबाणीच्या क्रमांकावरचा माणूस फार सभ्य होता. म्हणाला, “आम्ही येतो, बहीण, पण तोवर त्याला तिथंच थांबवून ठेवा.” मग मी गावातल्या एका कचेरीत गेले, तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही. टेबलामागच्या गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“साप गडग्याच्या अलीकडच्या तोंडाला राहतो की पलीकडच्या?”

“तो दोन्हीकडून जातो-येतो.”

“मग दोन जमीनमालकांच्या सह्या लागतील.” त्यांनी एक फॉर्म पुढे केला. तो गुराढोरांसाठीचा होता. वय, लिंग, लस टोचली आहे काय, मालकाचं नाव. मी म्हटलं, सापाला मालक नसतो. ते म्हणाले, “रकाना मोकळा ठेवता येत नाही. संगणक घेत नाही.” माझ्या मागे रांगेत एक बकरी उभी होती, तिच्या मालकानं घड्याळाकडे पाहिलं. मी लिहिलं: मालक, मुअतसिमची आई, जमीन त्यांच्या नावावर. वय: चाळीस वर्षं, मालकाच्या सांगण्यानुसार. कारण आत्याबाईंचं ठाम मत होतं की त्या नवरी होऊन आल्या त्या वसंतात पाहिलेला साप तो हाच. लमीसच्या मते हा त्याचा पणतू असायला हरकत नव्हती.

“चेहऱ्याचा स्पष्ट फोटो जोडा,” गृहस्थ म्हणाले.

“तोच तर नाही माझ्याकडे.”

“मग तुमच्याकडे साप आहे हे आम्ही कसं मानायचं?”

फॉर्मची प्रत मी घरी आणली. आत्याबाईंनी ती जूदकडून वाचून घेतली. पोर अक्षर अक्षर लावत होती आणि त्या मान डोलावत होत्या. “चला,” त्या म्हणाल्या, “म्हातारपणी माझ्या नावावर जनावर झालं.” आणि ती प्रत त्यांनी घडी घालून जमिनीच्या कागदांत ठेवली. दुपारी सूचनेला गेल्या त्या आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ थांबल्या. परतल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल दिसले. मी विचारलं तर म्हणाल्या, गंधक.

बुधवार. मुअतसिम सकाळी जाताना दारात म्हणाला, “संध्याकाळी फोन करतो. साहेब उत्तरासाठी थांबतील.” मी सकाळपासून शिडीवर होते. अंजिराच्या एका फांदीला शिडी टेकवली की गडग्याची ती फट बरोबर डोक्याखाली येते. अंगात नमाजाचा लांब पांढरा अंगरखा होता, कारण शेजारी पुरुष येणार-जाणार आणि तोच हाताशी होता. उम्म खलदूनच्या घरी आलेल्या पाहुणीनं तिला विचारलं म्हणे की त्या झाडावर काय वाळत घातलंय. जूदला मी आत माझ्या बहिणीशी फोनवर बोलायला बसवलं होतं, आत्याबाईंच्या फोनवरून. दुपारच्या नमाजाची हाक झाली. अंजिराची पानं तेव्हा नुकती तळहाताएवढी झाली होती, तेवढ्यांत मी लपले.

आत्याबाई आल्या. त्यांनी वर पाहिलं नाही. गडग्यासमोरच्या दगडावर बसल्या, जशा बाजारातून येताना दम खायला बसायच्या.

“ऐक रे,” त्या म्हणाल्या. “आज तिसरा दिवस.”

खाली फटीत काहीतरी हललं.

“तुझ्याबद्दल माझी तक्रार नाही. चाळीस वर्षं झाली. मी आले तेव्हा तू होतास. मुअतसिमचा बाप गेला तेव्हा लोक तीन दिवस बसले आणि गेले, तू होतास. आमच्या उंदरांना तू पुरून उरलास. पण ही पोरगी घाबरते. शिकलेली आहे ना, तिला सगळंच माहीत असतं, म्हणून घाबरते.” अंगणातलं एक वाळकं पान उचलून त्यांनी बाजूला टाकलं. “ती घाबरली की माझ्या जूदला घेऊन जाईल. तू गेलास तर कदाचित राहील. तुझं माझं काय, आपण कुठंही दिवस काढू. खाली अबू नासिफच्या जैतुनात उंदीर चांगले आहेत. मी बघून आले. तू जा, बाबा.”

आणि तो फटीतून बाहेर आला. आधी डोकं, मग मान, सावकाश, जणू दारात उभं राहून बोलावं तसा. उन्हात डोकं स्थिर. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि फोनमध्ये सगळं दोन-दोन दिसत होतं, तरी मी बोट दाबलं. एक. दोन. तिसऱ्या वेळी फोन हातातच वाजायला लागला. मुअतसिम. दचकून तो माझ्या हातातून सुटला, अंजिराच्या एका पानाला आपटला आणि सरळ गडग्याच्या फटीत गेला. साप पलीकडच्या फटीत गेला.

आत्याबाईंनी वर पाहिलं.

“तू वर काय करतेस?”

“फोटो.”

“आला?”

“खाली पडला.”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. गडगा वाजत होता.

त्या आवाजानं अबू रिज़्क खोरं घेऊन धावत आले, मागून उम्म खलदून आणि तिची पाहुणी. गडग्यातून फोनची धून येतेय हे पाहून अबू रिज़्क दोन पावलं मागे सरले. मग परिस्थिती समजून घेऊन म्हणाले, “मुदत संपली. बाजूला व्हा.”

आत्याबाई फटीसमोर उभ्या राहिल्या. “सूर्य मावळला नाही अजून.”

“सूचना दुपारच्या नमाजानंतर दिली होतीत. मुदत तेव्हाच संपते.”

“दिवस सूर्यास्ताला संपतो, हाजी. कुठल्या सैन्यात होतात?”

“त्याला विचारा ना,” पाहुणी म्हणाली. तिचा रोख सापाकडे होता की शेख साहेबांकडे हे कळलं नाही, पण उम्म खलदूननं आपल्या फोनवरून मशिदीत शेख साहेबांना लावलं. ते स्पीकरवर शांतपणे म्हणाले, “पहिली सूचना कुठल्या वेळी दिलीत, उम्म मुअतसिम? ... मग सूर्यास्तापर्यंत थांबायला काय हरकत आहे? सापाला घाई आहे का?”

सूर्यास्ताला दीड तास होता. अबू रिज़्क खोऱ्यावर हनुवटी टेकवून पहाऱ्याला उभे राहिले. मी शिडीवरून उतरायला गेले तर अंगरखा फांदीत अडकला आणि टर्रकन कमरेपर्यंत फाटला. पाहुणी म्हणाली, “हिचा नवरा काय करतो?” जूद दारातून ओरडली, “मावशी विचारते, साप गेला का?” आणि गडगा पुन्हा वाजायला लागला.

फोन शेवटी आत्याबाईंनी काढला, रोट्या भाजायच्या भट्टीच्या लांब चिमट्यानं. दगडांत हात घालताना त्या बिस्मिल्ला म्हणाल्या आणि मग फटीत कुणाला तरी, “माफ कर, एवढंच घेते.” काच तडकली होती. दोन फोटोंपैकी एकात अंजिराचं पान आलं होतं. दुसऱ्यात, उन्हात, अगदी मधोमध, डोकं. मी ते बोटांनी मोठं केलं. मोठ्या, नीट बसवलेल्या, एकमेकींना लागून असलेल्या फरशा. आमच्या बैठकीतल्यापेक्षा सरळ बसवलेल्या.

लमीसला पाठवला. तिचा निरोप आला, या वेळी चघळणं नव्हतं. “नाण्याचा आहे. विष नाही. चिडका आहे, चावेल, पण तसं कोण चावत नाही. मैसून, फोटो फार सुंदर आलाय गं.”

“मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो,” अबू रिज़्क म्हणाले.

त्याच वेळी उम्म खलदूननं आत्याबाईंचं मनगट धरलं. गडग्याच्या वरून, सगळ्यांदेखत, सूर्यास्ताच्या चांगला अर्धा तास आधी, तो निघाला होता. पूर्ण लांबीचा, घाई न करता, तो पलीकडच्या गवतात उतरला आणि अबू नासिफच्या जैतुनांच्या दिशेनं गेला. गवत हलत हलत लांब गेलं. अबू रिज़्कनी खोऱ्याचा दांडा सरळ केला. नकळत ते सलामीसारखं झालं.

“ऐकलं त्यानं,” उम्म खलदून कुजबुजली. “मुदतीच्या आत गेला. माणसं नाही अशी वागत.”

सगळे आत्याबाईंचं कौतुक करत होते. आत्याबाई गवताकडे बघत होत्या. “हो,” त्या म्हणाल्या. “भला होता.” आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहात मिरमिय्याची सुगंधी पानं घालायला विसरल्या. ते त्यांच्या हातून मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मुअतसिमचा फोन पुन्हा आला. तडकलेल्या काचेत त्याचं नाव तीन तुकड्यांत दिसत होतं.

“मैसून, किती वेळ लावतोय मी. साहेब बसलेत. काय निघालं? विषारी?”

“नाही.”

“मग?”

स्वयंपाकघरात आत्याबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. पाणी उकळून गेलं होतं आणि त्या चहाची पूड टाकत नव्हत्या. त्या ऐकत होत्या.

“चौथा मजला फार उंच आहे,” मी म्हटलं. “आणि तिथल्या लिफ्टा बंद पडतात. माझ्या बहिणीच्या इमारतीत पडते.”

तो म्हणाला, “म्हणजे नाही कळवू?” त्याच्या आवाजात जी सुटका होती ती साहेबांना ऐकू गेली असणार. त्याला ती बढती पुढच्या वर्षी इर्बिदमध्येच मिळाली, पण ते इथं सांगायचं कारण नाही.

चहा आला. साखर दुप्पट होती. मी कप रिकामा केला.

शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर मला झोप येईना. मी जिंकले होते, सगळेच जिंकले होते, आणि ज्याचा काही गुन्हा नव्हता तो चाळीस वर्षांचं घर सोडून परक्याच्या जैतुनात गेला होता, माझ्या भीतीसाठी. सकाळी शेख साहेब रस्त्यात भेटले तेव्हा मी विचारलंच. दिलेली सूचना मागे घ्यायची असेल तर काय करतात? त्यांनी दाढीवरून हात फिरवला, विचार केला. “मुली, घालवायची रीत आहे,” ते म्हणाले. “बोलवायची कुणाला लागलेली नाही. पण बोलायला मनाई नाही.”

म्हणून मी गेले. ग्रंथालयशास्त्राची पदवीधर, फाटका अंगरखा शिवून पुन्हा अंगात घातलेली, सकाळच्या कोवळ्या उन्हात गडग्यासमोर उभी राहिले. अम्मानच्या पहिल्या गाड्या वर ओकांखाली येऊ लागल्या होत्या. घसा साफ केला. काय म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले.

“मी मैसून,” मी दगडांना म्हटलं. “जूदची आई. बुधवारी जे सांगितलं गेलं ते मी मागे घेते. गैरसमज झाला होता. तुम्ही... या. हे घर तुमचंच आहे.”

मागे स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याचा आवाज झाला. मी वळले नाही. लाजेनं माझे कान तापले होते.

“अगं, मोठ्यानं बोल,” आत्याबाई खिडकीतून म्हणाल्या. “त्याचंही वय झालंय.”